बापाचा मोबाइल, लेकराचे इंटरनेट

इंटरनेटवर मुलांना जपण्यासाठी पालकांना जो सल्ला दिला जातो, तो बहुतेक वेळा काही गोष्टी गृहीत धरूनच दिला जातो. मुलाकडे स्वतःचा मोबाइल आहे, त्यावर त्याच्या खऱ्या वयाचे खाते आहे आणि त्याच्यापेक्षा जास्त जाणणारे आईवडील घरातच आहेत, अशी ती गृहीते. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात या तिन्ही गोष्टी एका छपराखाली क्वचितच सापडतात. कळंब हे मांजरा नदीच्या काठावरचे तालुक्याचे गाव. भोवती सोयाबीन आणि उसाची शिवारे, येरमाळा, शिराढोण, ईटकूर, मोहा अशी मोठी गावे आणि त्यांच्या आडोशाला कितीतरी वाड्या. येथल्या बहुतेक घरांत मोबाइल वडिलांचा असतो, सिमकार्ड त्यांच्या नावावर असते, गूगलचे खाते दुकानदाराने विकताना उघडून दिलेले असते. दिवसभर तो वडिलांच्या खिशात राहतो आणि दिवेलागणीला मुलांच्या हाती जातो. कंपनीच्या हिशेबी पडद्यासमोर चाळीस वर्षांचा शेतकरी बसलेला असतो, प्रत्यक्षात बसलेले असते अकरा वर्षांचे लेकरू. त्याला पुढे काय दाखवायचे, कोणती जाहिरात द्यायची, कोणाचा मेसेज येऊ द्यायचा, हे सगळे त्या चाळीस वर्षांच्या माणसाकडे पाहून ठरते.

हा मोबाइल मुलाच्या हाती आला तो शाळेच्या वाटेने, हे विसरता येत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांवरही आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. गुरुजी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अभ्यास टाकू लागले, अभ्यासाचे सरकारी दीक्षा ॲप मोबाइलवर आले आणि ज्या घरात साधा फोन होता तेथे शेळी विकून किंवा उचल घेऊन स्मार्टफोन आणला गेला. शाळा पुन्हा उघडल्या, मोबाइल मात्र परत गेला नाही. काल ‘मोबाइल घ्या’ म्हणणारी शाळा आज ‘मोबाइल देऊ नका’ म्हणते, तेव्हा पालक गोंधळून तिच्याकडे पाहतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

ग्रामीण भारतातल्या मुलांची ‘असर’ ही पाहणी २०२४ साली झाली. चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांना एखादे खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे माहीत होते, पण आपले खाते खासगी कसे करायचे हे जेमतेम ५५ टक्क्यांना. याचा अर्थ असा की समाजमाध्यमांवरच्या जवळपास निम्म्या मुलांच्या घराला दार आहे, पण त्याला कडी असते हे त्यांच्या कानावर आलेले नाही.

त्यात घरातली सत्ताही उलटी झालेली असते. ई-पीक पाहणीच्या ॲपवर बांधावर उभे राहून सोयाबीनचा फोटो काढतो तो मुलगा. पीकविम्याची पावती शोधतो तोच. ‘लाडकी बहीण’चे ई-केवायसी करताना आईचा ओटीपी वाचून दाखवते ती मुलगी. फोनपेचा पिन सगळ्या घराला पाठ असतो. ज्या लेकराकडून आपण रोज शिकतो, त्यालाच आता काही शिकवायचे म्हणजे पालकाला संकोच वाटतो. ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय’ हे वाक्य त्या संकोचातून येते. ते अर्धेच खरे आहे. बटणे मुलाला कळतात, माणसे पालकाला कळतात. बाजार समितीत गोड बोलणारा व्यापारी कशासाठी गोड बोलतो हे ओळखणाऱ्या बापाला इन्स्टाग्रामवर फुकट भेट देऊ करणारा अनोळखी ‘भैया’ ओळखायला इंग्रजी लागत नाही. त्याला फक्त तो मेसेज कोणीतरी दाखवायला हवा.

बटणांचे काम फार मोठे नाही, ते आधी उरकून घ्यावे. तेरा वर्षांखालच्या मुलासाठी गूगलचे फॅमिली लिंक हे पालक-नियंत्रणाचे ॲप आहे, पण ते मुलाच्या वेगळ्या खात्यावर चालते. एकाच फोनवर सगळे घर असेल तर त्याचा उपयोग मर्यादित. तेथे साध्या गोष्टी जास्त कामाला येतात. लहान मुलासाठी यूट्यूब किड्स वेगळे घ्यावे आणि मूळ यूट्यूबमधले आपोआप पुढचा व्हिडिओ लावणे बंद करावे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती लावली की गाणे पाहणारे पोर बँकेच्या मेसेजपर्यंत पोचत नाही. प्ले स्टोअरवर खरेदीआधी पासवर्ड मागण्याची खूण करावी. यूपीआय लाइट बंद ठेवावे, कारण त्यातून लहान रकमा पिनशिवाय जातात. आणि पिन पाठ असलेल्या घराने तो एकदा बदलावा.

हे शेवटचे काम रुसव्याफुगव्याचे ठरते, कारण पैशाचा बहुतेक घोळ खेळातून होतो. फ्री फायर या खेळावर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली, पण फ्री फायर मॅक्स राहिले आणि त्यातले हिरे, पोशाख, बंदुका विकत घेणे चालूच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्यातून रमी आणि सट्ट्याची ॲपे अडली, खेळातली खरेदी नाही. मुलाने सोयाबीनच्या पट्टीतले पैसे हिऱ्यांत घातले तर त्याला चोर म्हणण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की शंभर-दोनशे रुपयांचे तुकडे पाडून, नोटेचा स्पर्शही होऊ न देता खर्च करायला लावणे हीच त्या खेळाची रचना आहे. मोठी माणसेही मासिक हप्त्यांत अशीच फसतात.

मोठ्या मुलांच्या खात्यांसाठी कंपन्यांनी काही कुलपे केली आहेत. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती आणली आणि २०२५ मध्ये ती भारतातही आली. अशा खात्यात सगळे खासगी असते, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना गप्प राहतात आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला ही बंधने सैल करायला पालकाची परवानगी लागते. पण ही सारी व्यवस्था जन्मवर्षाच्या एका रकान्यावर टांगलेली आहे. सातवीतले मूल तेथे २००० साल घालते, आणि ते साल बऱ्याचदा मोठ्या भावाने किंवा मोबाइलच्या दुकानातल्या पोऱ्यानेच सुचवलेले असते. त्या क्षणी कुलूप गळून पडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेणे बंधनकारक केले आहे, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ते पुरते लागू होईपर्यंत पालकाला फुकट करता येण्याजोगी एक गोष्ट म्हणजे खाते उघडताना शेजारी बसून खरे वर्ष घालायला लावणे.

खरा धोका फोटोचा आहे. तो नेहमी अश्लील फोटोपासून सुरू होतो असे नाही. सुरुवात होते डीपीपासून, स्नेहसंमेलनातल्या नाचाच्या रीलपासून. समोरचा आधी कौतुक करतो, मग मैत्रीण किंवा मित्र होतो, मग ‘फक्त मलाच दाखव’ म्हणतो आणि एकदा काही हाती लागले की ‘व्हायरल करीन’ म्हणतो. पुढची मागणी पैशाची असते, आणखी फोटोंची असते किंवा भेटीची. आता तर मुलीने काहीही पाठवलेले नसले तरी चालते: कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने गणवेशातल्या फोटोवरून विवस्त्र फोटो तयार करतात. मुलगेही यात सापडतात, आणि त्यांच्याकडून पैसे उकळण्याकडे कल जास्त असतो. धमकावणारा दूरदेशीचा असेलच असे नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या गुन्ह्यांत बहुतांश आरोपी मुलाच्या ओळखीतलेच निघतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात. बनावट खात्यामागे वर्गातला, गल्लीतला किंवा नात्यातला माणूस असू शकतो.

या व्यवहाराला कच्चा माल पुष्कळदा घरच पुरवते. वाढदिवसाला मुलीचा गणवेशातला फोटो, शाळेचे नाव, गाव आणि ‘आमची परी’ असा मजकूर वडिलांच्या स्टेटसवर लागतो. हौसेखातर तोच फोटो चौकातल्या डिजिटल बॅनरवरही चढतो. कळंबच्या चौकात नेत्यांच्या वाढदिवसांचे बॅनर कमी नाहीत, त्यांत लेकरांची भर घालण्याचे कारण नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलिसांच्या सायबर जनजागृती महिन्याच्या उद्घाटनात अभिनेता अक्षय कुमार याने आपल्या तेरा वर्षांच्या मुलीचा अनुभव सांगितला. ती अनोळखी माणसाबरोबर ऑनलाइन खेळत होती. तो आधी गोड बोलला, मग ‘तू मुलगा की मुलगी’ असे त्याने तिला विचारले आणि नंतर नग्न फोटो मागितला. तिने खेळ बंद केला आणि जाऊन आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांना दर आठवड्याला सायबरचा एक तास असावा, अशी मागणी त्याने मुख्यमंत्र्यांसमोर केली. बातम्या त्या मागणीच्या झाल्या. महत्त्वाचे होते ते त्याआधीचे वाक्य, मुलीने आईला सांगितल्याचे. एवढ्या एका गोष्टीमुळे तो प्रकार तेथेच संपला.

कळंब तालुक्यातल्या एखाद्या मुलीने हेच सांगितले तर काय होईल, याचा अंदाज तिला स्वतःला चांगला असतो. पहिल्यांदा मोबाइल जाईल. मग ‘तूच काहीतरी केलं असशील’ येईल. मग शाळेत जाणे-येणे कोणाबरोबर, मैत्रीण कोण, यावर पहारा बसेल. आणि घर अगदीच घाबरले तर ‘नस्ती भानगड नको’ म्हणत स्थळे पाहिली जातील. बालविवाहाचे प्रमाण राज्यात जेथे जास्त आहे त्यात मराठवाड्याचे जिल्हे येतात आणि मुलीच्या हातातला मोबाइल हे त्यामागचे एक बोलून दाखवले जाणारे कारण असते. सांगण्याची एवढी किंमत असेल तर कोणतीही शहाणी मुलगी गप्प राहील. धमकावणाऱ्यालाही हे ठाऊक असते. ‘घरी सांगेन’ हीच त्याची धमकी असते; तिला धार लावण्याचे काम घराने आधीच करून ठेवलेले असते.

येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, लाखो माणसे येतात. म्हणून कोणी लेकरांना घरात कोंडून येडाईला जात नाही. हात घट्ट धरतात, आणि ‘चुकलास तर कुठे थांबायचं’ हे निघतानाच बजावून सांगतात. मोबाइल देताना नेमके हे सांगायचे राहून जाते. चुकल्यावर कोणाकडे यायचे, आल्यावर मार मिळणार नाही आणि मोबाइल काढून घेतला जाणार नाही, हे आधी आणि पुन्हापुन्हा सांगितलेले असले तर ते ऐनवेळी आठवते. आणि पहिल्या छोट्या चुकीला, म्हणजे चुकीच्या लिंकवर बोट पडले किंवा पन्नास रुपये गेले तेव्हा, घर कसे वागते यावरून मूल मोठ्या चुकीच्या वेळी काय करायचे ते ठरवते.

आईवडील जवळच नसले तर हात धरायचा कोणी, हा या भागातला वेगळा पेच आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली जोडपी उन्हाळा लागता परततात. त्या काळात मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि आईशी गाठ पडते ती मोबाइलवरच. आजीला व्हिडिओ कॉलचे हिरवे बटण तेवढे ठाऊक असते, रोजचा दीड जीबी डाटा संपवायला नातू मोकळा असतो. दुसऱ्या टोकाला दहावीनंतर लातूरला ‘नीट’च्या शिकवणीसाठी ठेवलेली मुले असतात; त्यांना पहिल्यांदाच स्वतःचा मोबाइल आणि स्वतःची खोली एकदम मिळते. दोन्हीकडे दुरून पाळत ठेवणे अशक्यच. आईच्या रोजच्या फोनमध्ये ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ याबरोबर ‘आज मोबाइलवर काय पाहिलंस’ हा प्रश्न रागावल्याशिवाय विचारता आला, तर तो कोणत्याही ॲपपेक्षा उपयोगी पडेल. याशिवाय गावातला एक मोठा माणूस, मावशी, चुलता किंवा गुरुजी, मुलाला नावानिशी दाखवून ठेवावा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ती भिंतीवरच्या फलकापुरती आहे की तिच्याकडे मूल खरोखर जाऊ शकते, हे पालकसभेत विचारण्याचा हक्क पालकांना आहे.

काही गावांनी हा प्रश्न गाव म्हणून हाताळला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. धाराशिव जिल्ह्यातच उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही भोंग्याची वाट धरली. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत त्याही पुढे जाऊन अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलच वापरू न देण्याचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने पुढे देशपातळीवर सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केली. तो कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आहे. यांत वडगावची रीत जास्त शहाणपणाची. भोंगा बापालाही लागू होतो. स्वतः रील सरकवत ‘अभ्यास कर’ म्हणणाऱ्याला तेथे जागा नाही. सरसकट बंदीने मात्र मोबाइल चोरून वापरला जातो, आणि चोरून वापरलेल्या मोबाइलवर काही वाईट घडले तर ते सांगायचे म्हणजे आधी चोरी कबूल करणे आले. भोंग्याची मर्यादाही उघड आहे: तो अभ्यास मिळवून देतो, रात्री अकराला आलेल्या मेसेजवर त्याचा इलाज नाही.

मुलाने येऊन सांगितल्यानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो. मारू नये, मोबाइल फोडू नये, धमकावणाऱ्याला फोन करून शिव्या देऊ नयेत. पैसे तर अजिबात देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. खात्याचे नाव, लिंक, क्रमांक, तारीख आणि संभाषण यांचे स्क्रीनशॉट जपून मग ब्लॉक करावे. चॅट पुसू नये. मुलाचा तो फोटो मात्र पुरावा म्हणूनही भावकीत कोणाला पुढे पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब आणि पोक्सो या दोन्हींखाली मुलांची अश्लील चित्रे पसरवणे गुन्हा आहे, आणि ती पाहून साठवणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. वर्गातल्या ग्रुपवर ‘गंमत’ म्हणून पुढे ढकलणारा मुलगाही बाल न्याय मंडळासमोर जाऊ शकतो. मुलग्यांच्या आईबापांनी हे घरात जरूर सांगावे. फोटो पसरण्याची भीती असेल तर अमेरिकेतल्या बालसंरक्षण केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. ती फोटो मागून घेत नाही; मोबाइलवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार करते आणि सहभागी कंपन्या तो ठसा पाहून फोटो अडवतात.

पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक ताबडतोब लावावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. इतर तक्रारींसाठी केंद्राचे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, आणि मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार तेथे नाव न सांगताही करता येते. सायबर पोलीस ठाणे धाराशिवला आहे, पण तेवढ्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठण्याची सक्ती नाही: कळंब, येरमाळा किंवा शिराढोणच्या ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण येथे पालकांना सर्वात जास्त अडवते. पोक्सो कायदा करताना ही भीती लक्षात घेतलेली दिसते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव, शाळा, ओळख पटेल असा कोणताही तपशील छापण्यास बंदी आहे. उलट, असा गुन्हा माहीत असून दडवणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा होऊ शकते, तो गावाच्या नावासाठी दडवणारा असला तरीही. मुलाने स्वतः उशिरा सांगितले किंवा सांगितलेच नाही, तर त्याला मात्र या कायद्याखाली दोषी धरता येत नाही.

घरात सांगणे अशक्यच वाटले तर १०९८ आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेला हा मुलांसाठीचा क्रमांक आता सरकारी यंत्रणा चालवते. तो चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि तो लावायला मुलाला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.